शाळेची घंटा आणि सुकतीची वेळ

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर एखाद्या जुन्या माणसाला भरतीची वेळ विचारली, तर तो घड्याळाकडे बघत नाही. आज तिथी कोणती ते विचारतो. तिथीला तिनाने गुणायचे आणि चाराने भागायचे. जे उत्तर येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, उत्तर तीन. म्हणजे पहाटे तीनच्या आणि दुपारी तीनच्या सुमारास पाणी भरलेले असणार. अष्टमीला सहा. तिथून सहा तासांहून थोडा अधिक वेळ धरला की सुकती पूर्ण.

हा हिशोब काटेकोर नाही. तीस तिथ्यांत भरतीची वेळ पूर्ण चोवीस तास पुढे सरकते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटे यायला हवीत. पाऊणपटीचा नियम ४५ देतो. पक्षाच्या सुरुवातीला ही तूट जाणवत नाही, पण पंधराव्या तिथीपर्यंत ती पाऊण तासाची होते. नियम पौर्णिमेची भरती सव्वाअकराला सांगतो, प्रत्यक्षात ती बाराच्या आसपास येते. होडी लोटणाऱ्याला एवढी चूक चालते. मुलांना किनाऱ्यावर नेणाऱ्याला ती चालत नाही; त्याने छापील भरती-ओहोटीचे तक्ते पाहावेत, भारतीय सर्वेक्षण विभाग ते दरवर्षी काढतो. पण तक्ता कशाचा आहे हे समजायला पाऊणपटीचा नियम पुरेसा आहे, आणि त्याच नियमाने मला एका प्रश्नाचे उत्तर दिले.

प्रश्न असा होता. रायगडच्या किनाऱ्यावर शाळांच्या सहली शेकड्यांनी येतात. किनाऱ्यावरच्या गावांतल्या शाळाही वर्षातून एकदा ‘परिसर भेट’ म्हणून मुलांना समुद्रावर नेतात. मग या भेटींतून मुले वाळूत किल्ला करण्यापलीकडे आणि भेळ खाण्यापलीकडे काही घेऊन का परतत नाहीत? मी गेली बावीस-तेवीस वर्षे, नोकरी सांभाळून आणि आता नोकरीविना, अशा भेटींबरोबर हिंडतो. प्राणिशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. जे शिकलो ते कोळणींकडून, जुन्या पुस्तकांतून आणि खडकावर उकिडवे बसून. आरंभी मी दोष शिक्षकांच्या अनास्थेला देत असे, सगळेच देतात. पण वह्यांतल्या नोंदी तिथीवार लावल्यावर निराळेच दिसू लागले.

शाळा साडेदहा-अकराला भरते आणि पाचला सुटते. मुले किनाऱ्यावर पोचतात ती बारा ते तीनच्या दरम्यान. आता नियम लावून पाहा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, भरती बाराला. मुले पोचतात तेव्हा पाणी सुरूच्या झाडांना भिडलेले. सुकती पहाटे सहाला होऊन गेलेली आणि पुढची संध्याकाळी सहाला, तेव्हा शाळा सुटलेली. दुपारी बाराला सुकती हवी असेल तर भरती सहाला यायला हवी, म्हणजे अष्टमी हवी. अष्टमीला भांग. मुंबई बंदराच्या आकड्यांवरून सांगायचे तर उधाणाला पाणी सुमारे साडेतीन मीटर चढते-उतरते, भांगाला जेमतेम दीड. म्हणजे शाळेच्या वेळेत समुद्र एक तर भरलेला असतो, किंवा आटतो तेव्हा अर्धवटच आटतो. ज्या खडकांवर शिकण्यासारखे काही आहे ते खडक शाळेच्या वेळेत सहसा पूर्ण उघडे पडतच नाहीत. शिक्षक कितीही उत्साही असला तरी.

या खडकांवर काय आहे ते थोडे सविस्तर सांगतो, कारण त्याशिवाय एवढा आटापिटा कशासाठी हे कळणार नाही.

कोर्लई, काशीदचे उत्तरेकडचे टोक, हरिहरेश्वराचा लाटांनी कापून सपाट केलेला कट्टा, अलिबागला कुलाबा किल्ल्याभोवतालचे कातळ, यांपैकी कुठेही उधाणाच्या सुकतीला जा. एक वीस-पंचवीस मीटरची सुंभाची दोरी घ्या, मीटर-मीटरवर गाठी मारा. वरच्या कोरड्या खडकाला एक टोक बांधा आणि दुसरे पाण्याच्या कडेपर्यंत न्या. बांबूच्या कामट्यांची अर्ध्या मीटरची चौकट प्रत्येक गाठीशी ठेवायची आणि चौकटीत जे दिसेल ते मोजायचे, एवढेच काम. सर्वांत वर, जिथे फक्त उधाणाचे तुषार पोचतात, तिथे खडकाच्या भेगांत मोहरी-ज्वारीएवढे शंख दाटीने बसलेले असतात. त्यांच्या खाली खडक खरखरीत होतो. ज्वालामुखीच्या नकाशातल्या डोंगरासारखे, माथ्याला भोक असलेले चुन्याचे बारीक सुळके खडकाला चिकटलेले असतात. ते दगड नाहीत, जीव आहेत. पाणी आले की भोकातून पिसासारखे पाय काढून अन्न गाळतात. त्यांच्या खाली कालवांचा पट्टा. मग ओल्या डबक्यांत समुद्रफुले, शंखात घर केलेले खेकडे, आणि अगदी खाली, भांगाच्या सुकतीला जो भाग कधीच उघडा पडत नाही, तिथे शेवाळाचे तपकिरी-हिरवे गालिचे.

दोरीवर हे पट्टे एकामागून एक येतात आणि मुलांना प्रश्न आपोआप पडतो: हे असे ओळीने का? कालव वर का चढत नाही? उत्तर त्यांच्याच वहीत असते. वरच्या गाठीला पाणी दिवसातून किती वेळ असते आणि खालच्या गाठीला किती, हे तिथी लावून काढता येते. वर उन्हाने वाळण्याची भीती, खाली दुसऱ्याच्या तोंडी जाण्याची आणि जागेच्या दाटीची. एका दोरीवर एवढे सगळे मावते. पाचवीच्या मुलांनी ही कारणे स्वतः मांडलेली मी ऐकली आहेत.

आणखी एक गोष्ट दोरीवर घडते, ती मला अधिक महत्त्वाची वाटते. वर्गात मागच्या बाकावर बसणारी कोळ्यांची किंवा आगऱ्यांची मुलगी इथे पुढे येते. एकदा एक शिक्षिका चौकटीतली मिटलेली कालवे ‘मृत’ या रकान्यात लिहायला सांगत होत्या. एक मुलगी हळूच म्हणाली, “बाई, ती मेलेली नायत, मिटलेली हायेत. मेलेली असती तं तोंड उघडी टाकून असती.” तिची आई सुकतीला कालवे फोडायला जाते. बाईंनी खोडून पुन्हा लिहिले. ते पाहून बाकीची मुले तिला विचारू लागली, आणि पुढच्या अर्ध्या तासात आम्हांला निवटी, चिंबोरी, खुबे, तिसऱ्या यांतला प्रत्येक जीव कुठल्या चिखलात, कुठल्या वाळूत, कुठल्या महिन्यात सापडतो याची यादी मिळाली. हे ज्ञान तिच्या घरी रोज वापरात होते. शाळेला ते माहीत असण्याचे कारणच पडले नव्हते. आपल्याकडे तिसरीचे ‘परिसर अभ्यास’ जिल्ह्याजिल्ह्याचे वेगळे निघते, ही बालभारतीची मोठी चांगली कल्पना आहे. पण जिल्हा हा प्रमाण फार मोठा पडतो. पोलादपूरच्या मुलाचा परिसर आणि दिवेआगरच्या मुलीचा परिसर यांत सारखे काय, पाऊस सोडला तर?

इथे एक जुने उदाहरण आठवते, थोडे उत्तरेकडचे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथल्या आदिवासी मुलांपैकी अनेक मुले शाळेत येत नसत, कारण ती गुरे राखायला जात. त्या दोघींनी मुलांच्या पालकांना उपदेश केला असेल-नसेल. पण शाळाच कुरणात नेली. ‘कुरणशाळा’ हा शब्द तिथला. ‘अंगणवाडी’ हा आज देशभर झालेला शब्दही ताराबाईंच्याच कामातून आलेला. शिक्षणाच्या इतिहासात कुरणशाळेकडे वंचितांच्या शिक्षणाचा प्रयोग म्हणून पाहिले जाते आणि ते बरोबरच आहे. मला त्यात दुसरे दिसते. गुरांची चरण्याची वेळ बदलत नाही, तेव्हा शाळेने आपली वेळ बदलली. समुद्राचे वेळापत्रक तर गुरांहूनही कडक आहे.

विलायतेत मुलांना किनाऱ्यावर नेऊन मोजणी करायला शिकवण्याची परंपरा आहे. तिथली फील्ड स्टडीज कौन्सिल १९४३ सालची, आणि वेल्समध्ये पेंब्रोकशरच्या किनाऱ्यावर डेल फोर्ट या जुन्या किल्ल्यात तिचे सागरी केंद्र १९४७ मध्ये सुरू झाले. आपल्याकडच्या अनेक पर्यावरण-पुस्तिकांतली दोरी-चौकटीची पद्धत या इंग्रजी वळणाची आहे. पण त्या किनाऱ्यावर एक नैसर्गिक सोय आहे. तिथे उधाणाची भरती सकाळी-संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास येते, म्हणून उधाणाची मोठी सुकती नेमकी दुपारी पडते. न्याहारी करून निघावे, भर दुपारी उघड्या खडकावर काम करावे, चहाला परतावे. आपल्याकडे चंद्र तोच, पण किनाऱ्याची ठेवण आणि समुद्रतळाची घडण निराळी असल्याने भरतीची लाट निराळ्या वेळी पोचते. पुस्तिका उतरवून घेताना ‘सुकतीच्या वेळी जावे’ एवढे वाक्य येते, पण ती वेळ इथे शाळेच्या बाहेर पडते हे कुठे लिहिलेले नसते.

अर्थात सगळे शिकणे सुकतीवर अवलंबून नाही. सालिम अली १९३० मध्ये जर्मनीहून परतले तेव्हा त्यांची मुंबईतली नोकरी राहिली नव्हती, म्हणून ते किहीमला घरच्या बंगल्यात येऊन राहिले. तिथे जवळच सुगरणींची वसाहत होती. तो पावसाळा त्यांनी घरटी पाहण्यात घालवला. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन पारखते, पसंत पडले तर राहते; मग नर तेच घरटे पुरे करून दुसरे विणायला घेतो आणि दुसरी मादी शोधतो. हे त्यांनी रोजच्या नोंदींवरून दाखवून दिले आणि त्या निबंधाने त्यांचे नाव झाले. लागलेली साधने म्हणजे वही, पेन्सिल, चिकाटी. सुगरण जून ते सप्टेंबर विणते, म्हणजे शाळा भरलेली असते आणि विहिरीवरच्या झाडाला घरटी लटकलेली असतात. सातवीचा वर्ग हे आजही करू शकेल. उलट ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह शासनाने २०२० मध्ये ठरवला (५ ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला सालिम अलींचा), तो बऱ्याच वर्षी दिवाळीच्या सुटीला लागून येतो आणि सुगरणींची घरटी तोवर रिकामी झालेली असतात. दोन थोर माणसांच्या जन्मतारखा बदलता येत नाहीत, हे कबूल. पण किहीमच्या मुलांनी सालिम अलींची आठवण श्रावणात काढायला हरकत नसावी.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर काहीच कमी नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीने आणायला सांगितले. २००३ मध्ये पुन्हा बजावले. त्यानंतर एनसीईआरटीने पहिली ते बारावीचा अभ्यासक्रम केला. निष्पत्ती सर्वांना ठाऊक आहे. विषय आला, गुण आले, गुणांसाठी प्रकल्पवही आली आणि प्रकल्पवहीसाठी दुकानात चित्रांचे तक्ते आले. ओझोनच्या थराचे चित्र सुबक रंगवणाऱ्या आठवीतल्या मुलाला घरामागच्या खाडीतल्या तिवराची मुळे चिखलातून वर का येतात हे सांगता येत नाही.

आणि मग १ फेब्रुवारी २०१६. मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले, व्हायलाच हवे होते. पण नियमांपेक्षा धसका मोठा होता. किनाऱ्यावरच्या गावांतल्या मुख्याध्यापकांनीही समुद्राचे नाव टाकले. मला एका शाळेने त्या वर्षी सांगितले, “काका, तुम्ही वर्गात येऊन स्लाईड दाखवा, पण मुलं बाहेर नको.” त्यांची जबाबदारी मी समजू शकतो. माझा मुद्दा एवढाच आहे की या मुलांना समुद्रापासून लांब ठेवता येत नाही. ती शाळा सुटल्यावर तिथेच खेळतात. त्यांना समुद्र न शिकवण्याने धोका कमी होत नाही.

यात शिकवण्यासारखे नेमके काय आहे? एक साधा हिशोब. सुकतीपासून भरतीपर्यंतचे सहा तास आणि पाण्याच्या चढाचे बारा भाग धरा. पहिल्या तासात पाणी एक भाग चढते, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यातही तीन, मग दोन, मग एक. म्हणजे सुकती झाल्यावर पहिल्या तासात वाटते, काही विशेष नाही, पाणी तिथेच आहे. आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मा चढ होऊन जातो. उधाणाला साडेतीन मीटरचा निम्मा, म्हणजे दोन तासांत पावणेदोन मीटर, पुरुषभर पाणी. कुलाबा किल्ल्यात चालत गेलेले पर्यटक परतीला अडकतात ते याच दोन तासांत. मी मुलांना हे फळ्यावर सांगत नाही. वाळूत काठी रोवतो, दर अर्ध्या तासाने पाण्याच्या कडेला खडू लावतो आणि खुणांमधले अंतर मोजायला लावतो. वाढत जाणाऱ्या अंतराकडे मुले पाहत असतात तेव्हा त्यांचे चेहरे बदलतात. आमची शिस्तही यावरच ठरलेली आहे: पाणी उतरत असताना खडकावर जायचे, सुकती पूर्ण होण्याच्या क्षणी सगळ्यांनी वाळूवर परत यायचे, पोहणे नाही, जिवंत काही उचलून घरी न्यायचे नाही, आणि दर दहा मुलांमागे एक मोठे माणूस, त्यांत गावातला निदान एक मासेमार. शहरातल्या बुटांपेक्षा त्याचा डोळा जास्त उपयोगी पडतो.

आता वेळेचा प्रश्न. मोठे उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या दिवशीच येते असे नाही, एक-दोन दिवस मागाहून येते. द्वितीयेला भरती दीडला, म्हणून सुकती सकाळी सव्वासातच्या सुमारास, तृतीयेला आठला, चतुर्थीला पावणेनवाला, पंचमीला साडेनवाला. अर्धा तास इकडेतिकडे धरा. हे दिवस उधाणाच्या जोरातले, आणि सकाळच्या शाळेचे. आपल्याकडे शनिवारी शाळा सकाळची असते. २०२४ च्या मार्चमध्ये शासनाने पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आणला आहे, दप्तर बाजूला ठेवून करायच्या उपक्रमांसाठी. राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीला दप्तराविना दहा दिवस सांगितलेले आहेत. म्हणजे नवा आदेश कुणी काढायची गरज नाही. पंचांग घेऊन बसायचे आणि शुद्ध-वद्य द्वितीया ते पंचमीत पडणारे शनिवार खुणा करायचे. पंधरा तिथ्यांत चार, म्हणजे ढोबळ हिशोबाने चौथा हिस्सा. पावसाळ्याचे महिने सोडून ऑक्टोबर ते एप्रिलचे तीसेक शनिवार धरले तर आठ हाती येतात, त्यांतून दिवाळीची सुटी, परीक्षा आणि सण वगळले की पाच-सहा. एका वर्गाला दोन पुरतात.

उरलेल्या दिवसांनाही काम आहे, हे मला उशिरा सुचले. पौर्णिमेला भर दुपारी शाळेच्या वेळेत समुद्र भरलेला असतो, तो दिवस खारबंदिस्तीचा. मुलांना बांधावर न्यावे. एका बाजूला छातीएवढे खारे पाणी, दुसऱ्या बाजूला त्याहून खालच्या पातळीवर भाताचे शेत, आणि मध्ये माती-दगडांचा बांध. उघाडीचे दार पाण्याच्या दाबाने घट्ट मिटलेले. सुकतीला तेच दार आतल्या गोड्या पाण्याच्या दाबाने उघडते आणि शेत निथळते. भरतीला बंद, सुकतीला उघडे, माणसाने हात न लावता. याच खारपट्ट्यात, अलिबाग तालुक्यातल्या चरी गावाने नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने १९३३ ला खोतांविरुद्ध संप केला आणि तो सहा वर्षे चालला. इतिहासाच्या तासालाही हा बांध उपयोगी आहे. बांधाला खांड गेली की काय होते हे शहाबाज-धेरंडच्या बाजूच्या मुलांना विचारावे लागत नाही, त्यांच्या घरच्या शेतात आज भाताऐवजी तिवरे उभी आहेत. तिवर वाचवायचे की शेत, यावर सातवीच्या दोन गटांनी बांधावर उभे राहून घातलेला वाद मी ऐकला आहे, आणि दोन्ही बाजूंचे मुद्दे मला आजही खोडता येत नाहीत. अष्टमीच्या भांगाला खाजणात जावे, पाणी मंद असते, निवट्या चिखलावर उड्या मारत असतात.

एक अडचण मात्र नवी उभी राहिली आहे. २०२४ पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा शासनाचा निर्णय आहे, मुलांच्या झोपेसाठी, आणि तो योग्यच आहे. पण त्यामुळे लहान वर्गांना द्वितीया-तृतीयेची सुकती हातची गेली. त्यांच्यासाठी पंचमीचेच शनिवार राहतात, तेही नऊला थेट किनाऱ्यावर जमले तर. शाळेत हजेरी घेऊन निघायचे म्हटले की पाणी वळलेले असते. यंदा दोन शाळांनी हजेरी वाळूवर घ्यायचे ठरवले आहे. केंद्रप्रमुखांची परवानगी अजून यायची आहे.